स्लॅबच्या प्लेटा काँक्रीटला चिकटू नयेत म्हणून

आयएस ४५६:२००० या भारतीय मानकात ज्याला फॉर्म रिलीज एजंट म्हटले आहे, ते, म्हणजे काँक्रीट ओतण्यापूर्वी साच्याच्या प्लेटांना लावायचे तेल, नागपुरातल्या साइटवर शटरिंग ऑइल म्हणून ओळखले जाते. त्याचे काम निव्वळ बुळबुळीतपणा आणण्याचे नाही. साधे खनिज तेल काँक्रीट आणि प्लेट यांच्यामध्ये केवळ पडदा धरते. चांगल्या तेलातील मेदाम्ले मात्र सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी संयोग पावून साबणासारखा अतिशय पातळ थर तयार करतात, आणि त्या थरामुळे प्लेट ठोकाठोकीशिवाय सुटते. इंजिनचे जळके तेल स्वस्त पडते खरे, परंतु त्याचे काळे डाग छतावर उमटतात, तेथे पुट्टी नीट धरत नाही आणि वाचलेले पैसे व्याजासकट बाहेर जातात.

प्रथम मागच्या स्लॅबचे चिकटलेले सिमेंट खरवडून, तारेच्या ब्रशने घासून प्लेट स्वच्छ करावी, कारण खपल्यांवर लावलेले तेल खपल्यांबरोबरच निघून जाते. त्यानंतर रोलरने किंवा फडक्याने तेलाचा एकसारखा, पातळ हात द्यावा. बोट फिरवल्यावर ते ओशट व्हावे, पण कोपऱ्यात थारोळे दिसता कामा नये. जादा तेलाने काँक्रीटच्या पृष्ठभागावर हवेची छिद्रे पडतात आणि वरचा थर भुसभुशीत होतो.

हे सारे सळई अंथरण्यापूर्वीच उरकावे. सळईला तेल लागल्यास तिची काँक्रीटवरील पकड कमी होते, म्हणूनच लोखंड बांधून झाल्यावर वरून तेल शिंपडण्याची जी सवय अनेक ठिकाणी दिसते, ती ठेकेदाराला स्पष्ट शब्दांत बंद करायला लावावी.

मे महिन्यातल्या उन्हात तापलेल्या प्लेटेवर तेल पातळ होऊन ओघळते आणि उडणारी धूळ त्यावर बसते. तेव्हा हे काम सकाळी लवकर करावे व लोखंड बांधण्यास उशीर लावू नये. पावसाळ्यात पाण्यात मिसळणारे तेल सरीबरोबर वाहून जाते, म्हणून आभाळ पाहूनच ते निवडावे.

तेल कितीही उत्तम असले तरी प्लेटा काढण्याची घाई करू नये. साध्या पोर्टलँड सिमेंटच्या स्लॅबखालील प्लेटा ३ दिवसांनी काढता येतात, पण टेकू लगेच पुन्हा लावावे लागतात, ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याचे (म्हणजे स्लॅबच्या दोन आधारांमधील अंतराचे) टेकू ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस ठेवावे लागतात. ही मुदत तापमान १५ अंशांखाली न उतरल्यास लागू होते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीतल्या थंडीत ती अभियंत्याला विचारून वाढवावी.