रात्र मोजणारं झाड की वय मोजणारं?

एकाच शेवंतीचे दोन फुटवे मी दोन कुंड्यांत लावले. माती तीच, खत तेच, पाणीही एकाच झारीनं. एक कुंडी गच्चीवरच्या टाकीमागे, दुसरी कठड्याजवळ. टाकीमागची कळ्यांनी लगडली. कठड्याजवळची नुसती पानांनी माजली. महिनाभर मी तिची खतं बदलत बसले. दोष खताचा नव्हताच, समोरच्या खांबावरच्या दिव्याचा उजेड रात्रभर तिच्यावर पडत होता.

तेव्हापासून नवं रोप घेण्याआधी मी आधी बघते, हे रात्र मोजतं की वय?

शेवंती, पॉइन्सेटिया, तेरडा ही रात्र मोजणारी. सलग आणि पुरेसा लांब अंधार मिळाला की कळी धरतात. गार्नर आणि अ‍ॅलर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखूवरच्या प्रयोगांतून हे मांडलं, तेव्हा लक्ष दिवसाच्या लांबीकडे होतं, म्हणून पुस्तकात अजून 'लघुदिन वनस्पती' असंच म्हणतात. खरी मोजणी अंधाराची. मध्यरात्री थोडा वेळ दिवा लागला तरी ती मोडते. टोमॅटो, गुलाब, बुटका फ्रेंच झेंडू यांना त्याचं फारसं सोयरसुतक नाही. अंगात वाढ आली की फुलतात, ही वय मोजणारी.

निवडताना रात्री दहाला कुंडीच्या जागी वर्तमानपत्र घेऊन उभं राहा. मथळा वाचता आला, तर तिथे वय मोजणारंच लावा. जागा काळोखी असेल आणि तुम्हाला धीर असेल, तर रात्र मोजणारं घ्या. त्याचं मोठं सुख म्हणजे ते चुका पोटात घालतं. रात्री लहान आहेत तोवर शेंडे खुडा, कुंडी बदला, फांद्यांची कलमं करा. झाड वाढत राहतं, फुलायची घाई करत नाही. रात्री वाढू लागल्या की मात्र खुडणं बंद.

वय मोजणारं थांबत नाही. माझा झेंडू लहानपणी एकदा पाण्यावाचून सुकला, तो वीतभर उंचीवरच दोन फुलं देऊन मोकळा झाला. त्याला पहिल्यापासून नीट मातीत, शेवटच्याच कुंडीत लावा. बी मात्र तीन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा पेरावं, एक खेप बिघडली तरी दुसरी असते.

दिव्याखालच्या शेवंतीवर मी नंतर रोज संध्याकाळी सहा ते सकाळी आठ पुठ्ठ्याचं खोकं उपडं घातलं. एकही दिवस चुकवायचा नाही, आणि आत उकडू द्यायचं नाही. गरम रात्रींनी कळी धरणं लांबतं. कळ्यांना रंग दिसला तेव्हा खोकं काढलं. टाकीमागच्या शेवंतीची फुलं तोवर वाळून गेली होती.