ग्रे'ज अ‍ॅनाटॉमीमधला हात स्वतः काढून बघा, कार्टर मगच कळतो

माझी भाची एमबीबीएसच्या फर्स्ट इयरला आहे, मागे एकदा हाताच्या स्नायूंवरून पार रडकुंडीला आली होती, म्हणाली मावशी नावं पाठ होतात गं पण कोण कुठून निघून कुठे जातं ते डोळ्यासमोरच येत नाही. तेव्हा तिला मी जे करायला बसवलं तेच इथे सांगतेय. मेडिकलला नसाल, नुसती ड्रॉइंगची आवड असेल तरी काही अडत नाही, एक मोकळा रविवार मात्र लागेल.

चित्र घ्यायचं ते ग्रे'ज अ‍ॅनाटॉमी या शरीररचनेच्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकाच्या १८५८ च्या पहिल्या आवृत्तीतलं, कोपरापासून मनगटापर्यंतच्या पुढच्या बाजूचे वरच्या थरातले स्नायू. पुस्तकाला नाव हेन्री ग्रेचं, पण त्यातली ३६३ चित्रं काढली हेन्री व्हॅनडाइक कार्टरने. वडील चित्रकार, स्वतः डॉक्टर, म्हणजे सुरी आणि पेन्सिल एकाच हातात! आणि लंडनमध्ये पुस्तक बाहेर आलं तेव्हा हा माणूस मुंबईत पोचलेला होता, ग्रँट मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमी शिकवायला, पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता, शेवटी ग्रँटचा प्रिन्सिपॉलही झाला. चित्रांचे त्याला एकदाच १५० पौंड मिळाले, रॉयल्टी नाही. इतकी वर्षं आपल्यात काढलेला माणूस आणि आपल्याकडे त्याचं नाव फारसं कुणाला माहीत नाही, मला याचं खरंच वाईट वाटतं.

स्कॅन शोधताना एक काळजी घ्या. नेटवर ग्रे'ज म्हणून जी रंगीत चित्रं फिरतात ती बहुतेक १९१८ च्या अमेरिकन आवृत्तीतली, त्यात चित्रं वाढत वाढत १,२४७ झाली होती, सगळी कार्टरची नाहीत. इंटरनेट आर्काइव्हवर १८५८ ची प्रत मिळते, कॉपीराइट कधीच संपलाय, बिनधास्त डाउनलोड करा आणि ते एक पान ए-फोर कागदावर प्रिंट काढा.

पेन्सिल लगेच उचलायची नाही, आधी स्वतःचा डावा हात टेबलावर तळवा वर करून ठेवा. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा उंचवटा लागतो, त्यावर उजव्या तळहाताची मनगटाकडची बाजू टेकवा आणि बोटं मनगटाच्या दिशेने पसरा. अंगठा जिथून तिरका जातो तो प्रोनेटर टेरेस, पहिलं बोट फ्लेक्सर कार्पाय रेडियालिस, मधलं पामॅरिस लाँगस, अनामिका फ्लेक्सर कार्पाय अल्नॅरिस. आता डाव्या हाताचा अंगठा करंगळीला टेकवून मनगट थोडं आत वाकवा, मधोमध दोरीसारखी शीर उठते ना, ती शीर नाही, पामॅरिसचा टेंडन आहे, म्हणजे स्नायूच्या टोकाची चिवट दोरी. काही जणांत हा स्नायू नसतोच, नाही दिसला तर घाबरू नका. हे सगळं झाल्यावर प्रिंटकडे बघा, तेच चौघे तिथे एकाच उंचवट्यावरून पंख्यासारखे सुटलेले दिसतील.

मग चौकटी आखा, प्रिंटवर एक सेंटीमीटरच्या आणि कोऱ्या कागदावर दोन सेंटीमीटरच्या. ही काही फसवाफसवी नाही हां, लायडनचा अ‍ॅनाटॉमीचा प्राध्यापक अल्बिनस, त्याच्यासाठी यान वांडेलार या चित्रकाराने सांगाड्यासमोर दोऱ्यांच्या जाळ्या टांगून चौकोन बघत बघतच चित्रं काढली, १७४७ मध्ये छापून आली, प्रमाण चुकू नये म्हणून एवढी खटपट. (त्यातल्या एका आकृतीमागे चक्क गेंडा आहे, नक्की बघा.) आधी हाताची बाहेरची कड घ्या, मग चारही स्नायूंच्या सीमा, शेडिंग इतक्यात अजिबात नको.

आता नावांची जागा सोडायची, आणि माझ्या मते सगळं चित्र इथेच आहे. व्हेसालियस या जुन्या अ‍ॅनाटॉमी-तज्ज्ञाने १५४३ च्या पुस्तकात स्नायूंवर बारीक अक्षरं टाकली आणि नावं वेगळ्या यादीत दिली, अल्बिनसने तर सुंदर चित्र कोरं ठेवून शेजारी नुसत्या रेघांचं दुसरं चित्र अक्षरांसाठी दिलं, म्हणजे वाचणाऱ्याची नजर सारखी चित्रावरून यादीवर आणि यादीवरून चित्रावर. कार्टरने नाव स्नायूच्याच अंगावर, त्याच्या वळणाने लिहिलं, म्हणजे नाव वाचता वाचता डोळा आपोआप त्या स्नायूवरून फिरतो! म्हणून नाव शेवटी कसंबसं कोंबू नका, आधी हलक्या हाताने लिहा आणि शेडिंग त्याच्या आजूबाजूने करा.

शेडिंगची रेघ नेहमी तंतूंच्या दिशेने, आडवी मारलीत की स्नायू लाकडाच्या ओंडक्यासारखा दिसायला लागतो. टेंडन जवळजवळ पांढरा सोडायचा, दोन-तीन लांब रेघा पुरे. कार्टर कागदावर नाही तर बॉक्सवुडच्या ठोकळ्यांवर काढायचा, तेही उलटं, आरशात दिसतं तसं, मग कोरणारा कारागीर पांढरा राहायचा तेवढा भाग कोरून काढायचा. त्यामुळे उगाचची रेघ परवडायचीच नाही. आणि हा ठोकळा छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांबरोबरच छापता यायचा, म्हणून चित्र मजकुराच्या पानावरच आलं, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्रासारखं वेगळं छापून जोडावं लागलं नाही.

झाल्यावर कागद आरशासमोर धरा, काही चुकलं असेल तर लगेच खटकतं. भाचीचा प्रोनेटर पार मनगटापर्यंत गेला होता, खरं तर तो रेडियसच्या, म्हणजे अंगठ्याच्या बाजूच्या हाडाच्या, साधारण मध्यावरच संपतो, ते तिला आरशात बघताना कळलं आणि आता ती ते विसरणार नाही.

आणखी एक, हे मात्र मनापासून सांगते. ज्या देहांवरून ही चित्रं झाली ते इंग्लंडच्या १८३२ च्या अ‍ॅनाटॉमी कायद्याखाली आलेले, गरीबखान्यात आणि हॉस्पिटलात वारलेल्या, कुणी न्यायला न आलेल्या माणसांचे होते. पुस्तकात त्यांची नावं कुठेच नाहीत. मी भाचीला सुरुवात करायच्या आधी एक मिनिट शांत बसायला सांगितलं, तुम्हीही बसा.

कागदामागे तारीख टाका. पुढच्या रविवारी त्याच मापाच्या चौकटीत ट्रेसिंग पेपरवर खालचा थर काढा, फ्लेक्सर डिजिटोरम सुपरफिशियालिसपासून, आणि तो पहिल्या चित्राच्या खाली ठेवून खिडकीच्या काचेवर धरून बघा.