किलीमांजारो उतरल्यावर एक दिवस उरलाय? गावातल्या पोरांबरोबर घालवा, कसा ते सांगतो

आपली ट्रेकवाली मंडळी हल्ली टांझानियातल्या किलीमांजारोला बरीच जातात, ५८९५ मीटरचा उहुरू पीक, म्हणजे त्याचं सगळ्यात उंच टोक, करून खाली येतात आणि पायथ्याच्या मोशी शहरात फ्लाईटच्या आधीचा एक दिवस हॉटेलात पाय चोळत नाहीतर फ्रिजचे मॅग्नेट शोधत घालवतात. त्यापेक्षा डालाडाला पकडा, म्हणजे तिथली मिनीबस, आपल्या वडापसारखीच माणसं कोंबतात, आणि मारांगू किंवा मचामेकडच्या एखाद्या गावात जा. ही चाग्गा लोकांची गावं, केळीच्या बागा, केळीखाली कॉफी, मधून वाहणारे पाट, आणि सगळीकडे पोरं.

पण उठून एकटे जाऊ नका हां. अनोळखी गावात अनोळखी माणूस पोरांभोवती घुटमळतोय हे आपल्याकडे तरी चालेल का? तुमचा पोर्टर किंवा गाईड बऱ्याचदा याच गावांतला असतो, त्यालाच विचारा, त्याच्या घरी जा, आधी घरातल्या मोठ्यांशी बोला, चहा घ्या, मग पोरं आपोआप गोळा होतात. शनिवार बेस्ट, कारण इतर दिवशी शाळा आणि रविवारी सकाळी सगळं गाव चर्चमध्ये.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वेळ. स्वाहिलीत घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', एक वाजला. मला पोरांनी 'सा टाटू'ला या सांगितलं, टाटू म्हणजे तीन एवढं मला येत होतं, मी आपला जेवून बिवून दुपारी तीनला हजर, आणि पोरं बिचारी सकाळी नऊपासून रस्त्यावर बसलेली. तर सहा तास मिळवायचे किंवा वजा करायचे, आणि सकाळ म्हणजे 'असुबुही' म्हणतायत ना ते नीट ऐकायचं.

पोरं भेटली की म्हणणार 'शिकामो'. याचा मूळ अर्थ पाय धरतो असा, म्हणजे आपलं पाया पडतोच झालं, धाकट्याने मोठ्याला म्हणायचं. त्यावर तुम्ही म्हणायचं 'माराहाबा'. मी उलट त्यांनाच शिकामो म्हणालो तर सात वर्षांच्या पोरीपुढे लोटांगण घातल्यासारखं झालं, हसून हसून लोळली सगळी. बाकी भाषेचं टेन्शन घेऊ नका, गाडीला गारी, पैशाला पेसा, रंगाला रंगी, साबणाला साबुनी, आणि पुरे झालं की बासी, म्हणजे आपलं बस. पोरांना हे सांगितलं की तासभर तेवढाच खेळ चालतो, ती एक वस्तू दाखवणार, तुम्ही मराठी शब्द सांगायचा.

खेळ त्यांना ठरवू द्या. तुम्ही गेम शिकवायला गेलात की ती शाळेसारखी रांगेत उभी राहतात आणि मजा गेली. कोम्बोलेला म्हणजे चक्क आपला डब्बा ऐसपैस, डबा लाथाडायचा आणि पळायचं, फक्त लपायला केळीची बाग असल्यामुळे राज्य असलेल्याचे हाल. मुली मडाको खेळतात, जमिनीत छोटा खड्डा, त्यात खडे, एक वर उडवून बाकीचे काढायचे, सागरगोटे खेळलेल्या बाईने गेलं तर इज्जत राहते, माझी नाही राहिली. फुटबॉल असतोच, चिंध्या नाहीतर वाळलेल्या केळीच्या पानांचा, दोरीने आवळलेला, पायाला लागतो बरं का.

पँट मोज्यात खोचा. पाऊस पडून गेला असेल तर सियाफू नावाच्या मुंग्यांची रांग निघते आणि त्यात पाय पडला तर काय होतं ते विचारू नका, पोरं 'पोले, पोले' करत मुंग्या काढून देतील, पोले म्हणजे अरेरे, लागलं का वगैरे.

जेवायला घरात जे असेल ते, शाकाहारी असाल तर 'बिला न्यामा' सांगा, मांस नको. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, माहारागे म्हणजे राजम्यासारखी उसळ, आणि मचिचा मिळाला तर अजिबात सोडू नका, तो आपला माठच, चव घरचीच लागते. घरच्यांना खर्चाचे पैसे द्या, पण पोर्टरच्या हातून, गुपचूप.

पोरांना मात्र चॉकलेट, पैसे वाटू नका प्लीज. एकदा वाटलं की पुढच्या प्रत्येक पाहुण्यामागे तीच पोरं हात पसरून पळतात आणि ती सवय आपणच लावलेली असते. द्यायचाच तर एक चांगला फुटबॉल आणि पंप शाळेत शिक्षकांकडे द्या. प्लास्टिकच्या पिशवीत नको, टांझानियात २०१९ च्या जूनपासून त्यांना बंदी आहे. फोटो आईबापाला विचारून काढा, काढला की पोरांना दाखवा, पण इन्स्टावर त्यांचे चेहरे टाकायची गरज नाही, आपल्या भाच्याचा असा कोणी टाकला तर चालेल का तेवढा विचार करा.

पाचच्या सुमाराला निघा, विषुववृत्त जवळ असल्यामुळे साडेसहाला झपकन अंधार पडतो. निघताना पोरं 'केशो?' विचारतील, म्हणजे उद्या येणार का. फ्लाईट असेल तर सरळ 'हापाना', नाही म्हणून सांगा, उगाच मान डोलवू नका, ती खरंच रस्त्यावर येऊन बसतात.