चित्रकारासमोर पहिल्यांदा बसताय? आधी बोलून घ्या, मग बसा

दिवाळीनंतर ऊन उतरलं की आमच्या वर्धा जिल्ह्यात चित्रकार मंडळी येऊ लागतात. कोणी शिकणारी मुलं असतात, कोणी स्वतःच्या प्रदर्शनासाठी काम करणारे. त्यांना लुगड्यातली आजी हवी असते, पटका बांधलेला बुढा हवा असतो, वेचणीवरून परतलेली बाई हवी असते. मी अशी बरीच वर्षं बसत आले आहे आणि आता गावातल्या नव्या बायकांना, पोरांना सोबत घेऊन जाते. पैसे बरे मिळतात आणि माणसं बहुतेक चांगली असतात. तरी आधी न बोलता कोणी जाऊन बसू नये, असं माझं ठाम मत आहे.

पहिला प्रश्न विचारायचा तो कशासाठी बसायचं, हा. नुसता चेहरा काढणार, पूर्ण आकृती काढणार, की मातीत मूर्ती करणार? कपडे कोणते? कपड्यांशिवायचा अभ्यास हा कलाशिक्षणाचा जुना भाग आहे. मुंबईचं जे. जे. कलाविद्यालय १८५७ सालचं, तिथेही मॉडेल बसवून शिकवण्याची परंपरा आहे. त्या कामाला मी हलकं मानत नाही. पण त्याचा होकार घरी, शांतपणे, दोन दिवस विचार करून द्यायचा असतो. ‘तिथं गेल्यावर पाहू’ असं कोणी म्हणालं तर जाऊ नका. पहिल्या खेपेला अंगभर कपड्यांतलंच काम घ्या. आणि ठरलेल्यापेक्षा पदर जरी अधिक सरकवायला सांगितला, तरी ते नवं काम आहे. त्याला नव्यानं हो किंवा नाही म्हणायचा हक्क तुमचा.

आता फोटोविषयी, कारण गावात खरा घोर त्याचाच असतो. चित्र काढायला वेळ लागतो, म्हणून बरेच चित्रकार संदर्भासाठी फोटो मागतात. त्यात वावगं काही नाही. पण चित्रातली बाई कोण हे ओळखायला वेळ लागतो. फोटो मात्र संध्याकाळपर्यंत गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येऊ शकतो. म्हणून चित्राची परवानगी आणि फोटोची परवानगी वेगळी ठेवा. फोटो कोणाच्या मोबाइलवर, किती, चेहरा दिसणार का, काम झाल्यावर पुसणार का, फेसबुक-इन्स्टावर टाकणार का, हे एकेक करून विचारा. वर्ग असेल तर सगळ्यांचे मोबाइल आधी पिशवीत ठेवायला लावा; शिक्षक असतील तर त्यांनाच सांगायला सांगा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये एक गोष्ट स्पष्ट आहे: बाईनं खासगी अवस्थेतलं चित्रण करू दिलं, पण ते दुसऱ्यांना दाखवायला संमती दिली नव्हती, तर ते पसरवणं गुन्हा आहे. ‘तूच तर काढू दिला’ हे उत्तर तिथं चालत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई खासगी अवयवांच्या अशा चित्रणाबाबत पुरुषांनाही संरक्षण देतं.

चित्राचं मात्र वेगळं आहे. चित्रकारानं पैसे देऊन तुम्हाला बसवलं, तर चित्राचा हक्क त्याचाच राहतो. तो ते विकेल, प्रदर्शनात लावेल. नाव लिहू नये, गावाचं नाव देऊ नये, अमुक ठिकाणी दाखवू नये असं वाटत असेल, तर ते आधीच लिहून घ्यावं लागतं.

कागदाचं नाव काढलं की घरचे म्हणतात, “कायले पायजे कागद? ओळखीचा माणूस हाय.” ओळखीच्या माणसासोबत तर कागद अजून सोपा जातो. वहीच्या पानावर एवढं लिहा: ‘मी अमुक तारखेला, अमुक जागी, इतके ते इतके वाजेपर्यंत बसेन. कपडे असे असतील. खोलीत हीच माणसं असतील. माझ्यासोबत अमुक व्यक्ती असेल. फोटो काढायचे नाहीत (किंवा इतकेच, चित्रासाठीच, कुठेही न टाकता). मला कोणी हात लावणार नाही. मी केव्हाही थांबू शकते. थांबले तर तोवरच्या वेळेचे पैसे मिळतील. एकूण रक्कम इतकी.’ खाली दोघांच्या सह्या, तारीख, आणि त्या पानाचा फोटो दोघांकडे. लिहिता येत नसेल तर तेच बोलून ऑडिओ पाठवा आणि समोरच्याकडून ‘मान्य’ असं उत्तर घ्या. अठरा वर्षांखालच्यांच्या सहीला करार म्हणून किंमत नाही. लहान मुलांना बसवायचं तर आई-बाप तिथंच, आणि कपडे अंगभर.

पैसे ठरवताना त्या दिवशी बुडणारी रोजी धरा. सोयाबीन सोंगणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत ती जास्त असते. येण्या-जाण्याचं भाडं वेगळं मागा. विश्रांतीचा वेळ कामातच मोजायचा, तो कापू द्यायचा नाही.

शरीराची काळजी फार कमी जण सांगतात. हलू नका म्हटलं की नवा माणूस श्वाससुद्धा रोखतो. उभं राहायचं असेल तर गुडघे ताठ आवळू नका. रक्त पायात साचतं, डोळ्यांपुढं अंधारी येते आणि माणूस कोसळतो. वीस-पंचवीस मिनिटांनी पाच मिनिटं उठायचंच. उठण्याआधी पायाभोवती खडूनं खूण करून घ्या, म्हणजे परत तसंच बसता येतं. हात वर धरलेली पोझ दोन-चार मिनिटांपुरतीच घ्या. पहिल्या दिवशी टेकून बसायची पोझ मागा. उपाशी जाऊ नका. एप्रिल-मे मध्ये टिनाच्या शेडखाली दुपारी बसू नका, पैसे कितीही असोत. तैलरंगाच्या टर्पेंटाइननं डोकं चढतं, म्हणून खिडकी उघडी हवी. मूर्तिकार हाता-चेहऱ्याचा साचा घेणार असेल तर प्लॅस्टर घट्ट होताना तापतं हे लक्षात ठेवा. जाड प्लॅस्टरमध्ये हात बुडवून ठेवला तर भाजतं. चेहऱ्याच्या साच्याला पहिल्या वेळी नाहीच म्हणा. माप घ्यायला मूर्तिकाराला जवळ यावं लागतं. तेव्हाही दर वेळी विचारून.

जागा शक्यतो शाळा, समाजमंदिर किंवा उघडी पडवी असावी. परतीची शेवटची एसटी किती वाजता, ते पाहूनच वेळ ठरवा. ‘मी गाडीनं सोडतो’ यावर अवलंबून राहू नका. सोबतीचा माणूस चालत नाही म्हणणारा चित्रकार मी तरी टाळते. कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली मागा.

काही बिनसलंच तर जागा सोडा आणि ११२ लावा. फोटो पसरल्याचं कळलं तर १९३० वर किंवा सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करा. त्याआधी स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा, रागाच्या भरात काही डिलीट करू नका. कामाच्या जागी कोणी बाईच्या अंगचटीला आलं तर लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या जागेची तक्रारही तिथं घेतात. तक्रार लेखी हवी आणि तीन महिन्यांच्या आत. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत मागता येते, तशी तरतूद त्याच कायद्यात आहे.