खार जमिनीत बाग फुलवताना: आधी निचरा, मग जिप्सम

ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळ अशा नवी मुंबईतील खाडीलगतच्या वसाहतींत अनेक ठिकाणी मुरमाच्या भरावाखाली मूळची खार जमीन आहे. पावसाळ्यात तेथील झाडे तरारतात आणि मार्च-एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपू लागतात, कारण उन्हाळ्यात खालचे खारे पाणी केशाकर्षणाने, म्हणजे मातीतील बारीक छिद्रांतून, वर चढते, त्याची वाफ होते आणि मीठ मुळांपाशी साचते. हे मीठ कोणत्याही खताने नाहीसे होत नाही. ते गोड्या पाण्यानेच धुऊन काढावे लागते. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी पाण्याला बाहेर पडायला वाट आहे का, हे पाहावे. नसल्यास वाफे अर्धा-पाऊण मीटर उंच करून त्यांच्यामध्ये उताराचे चर काढावेत.

माती परीक्षणात संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरहून अधिक आली तर जमीन क्षारयुक्त समजावी, सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम) १५ टक्क्यांहून जास्त असेल तर ती चोपण होय. निव्वळ क्षारयुक्त जमिनीला बहुधा निचरा आणि पाऊस पुरेसा होतो. मुळांच्या थराच्या खोलीइतके गोडे पाणी त्यातून झिरपले, तर सुमारे ८० टक्के क्षार निघून जातात, आणि ठाणे परिसराला पावसाची वाण नाही.

जिप्सम या कॅल्शियमयुक्त खनिजाची खरी गरज सोडियम जास्त असलेल्या जमिनीला असते. जोवर मीठ भरपूर आहे, तोवर चिकणमातीचे कण एकत्र राहतात. पावसाने मीठ धुऊन गेले आणि सोडियम मात्र कणांना चिकटून राहिला, की ते कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि पाणी मुरेनासे होते. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि सुटा झालेला सोडियम पाण्याबरोबर वाहून जातो. त्यामुळे जिप्सम मेअखेरीस, पावसाच्या आधीच, अहवालानुसार (साधारणतः चौरस मीटरला २०० ते ५०० ग्रॅम) पसरून वरच्या १०-१५ सेंटिमीटर मातीत मिसळावे. सामू आधीच चढा असेल तर चुना किंवा राख मुळीच घालू नये.

सोबत चांगले कुजलेले शेणखत द्यावे. जूनमध्ये धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरून फुलोऱ्याच्या सुमारास तो मातीत गाडणे मला सर्वांत स्वस्त आणि भरवशाचे वाटते, कारण तो क्षार सोसतो आणि त्याची मुळे घट्ट माती मोकळी करतात. ऑक्टोबरपासून पेंढा किंवा पालापाचोळ्याचे जाड आच्छादन ठेवावे, नाहीतर पावसाळ्यात खाली गेलेले मीठ पुन्हा वर येते. खाडीकाठच्या बोअरचे पाणी तपासल्याशिवाय वापरू नये. रोज शिंपडण्यापेक्षा काही दिवसांनी भरपूर पाणी देणे हितकारक असते.

पहिल्या वर्षी घेवड्यासारखी नाजूक पिके टाळून बीट आणि पालक घ्यावेत. झाडांत नारळ, करंज, भेंड आणि उंडी निवडावीत. भातासाठी जमीन असल्यास पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने विकसित केलेले क्षारसहनशील वाण उपलब्ध आहेत. मात्र हे सारे आधीच वस्तीखाली किंवा लागवडीखाली आलेल्या जमिनीसाठी आहे. कांदळवनाच्या चिखलाला हात लावू नये, तेथे खारेपणा हा दोष नाही.