रात्रीची दहा मिनिटं आणि शेजारच्या काकूंची मोटर

रविवारी चर्चच्या मिस्सामध्ये, म्हणजे उपासनेत, आजूबाजूच्या सगळ्यांना हात जोडून शांती द्यायची आणि मंगळवारी पहाटे पाणी आलं की शेजारच्या काकूंच्या मोटरीवरून अख्खी गल्ली जागी करायची, असं माझं बरीच वर्षं चाललेलं. आमच्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यात कुणी नळाला डायरेक्ट मोटर जोडली की आपल्या घागरीत करंगळीएवढी धार. मग तोंडातून काय निघतं ते इथं लिहीत नाही. रात्रीची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, मात्र चुकत नव्हती बरं का.

ह्यावर मला जे उपयोगी पडलं ते म्हणजे रोजचं आत्मपरीक्षण, जेझुइट फादर लोक त्याला एक्झामेन म्हणतात. ह्या जेझुइट धर्मगुरूंचा संघ काढणारे संत इग्नेशियस लोयोला मूळचे लढवय्ये, १५२१ साली स्पेनमधल्या पॅम्प्लोनाला तोफगोळ्यानं त्यांचा पाय मोडला, अंथरुणावर पडल्या पडल्या कुठल्या विचारानं मन नंतरही खुश राहतंय आणि कुठल्या विचारानं कोरडं पडतंय हे बघायची त्यांना सवय लागली. पुढं त्यांनी साधनेचं जे पुस्तक लिहिलं त्याला १५४८ मध्ये पोपनी मान्यता दिली, त्यातच ही पद्धत आहे.

करायचं कसं? जेवणं झाली, भांडी घासून झाली की फोन दुसऱ्या खोलीत ठेवा (उशाखाली नाही, दुसऱ्या खोलीत) आणि बसा. आडवं होऊन करू नका, मी करून बघितलंय, आभार मानेपर्यंतच घोरायला लागतो माणूस. पहिल्यांदा आभारच मानायचे, पण "देवा, सगळ्यासाठी थँक्यू" असं घाऊक नको. आज मिळालेली नेमकी गोष्ट सांगा, जसं की भर उन्हात सात रस्त्याला रिक्षा लगेच मिळाली, कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी होती, आईचं बीपी नॉर्मल आलं. मग पवित्र आत्म्याकडं उजेड मागायचा. ही पायरी लोक गाळतात आणि तिथंच फसतात, कारण स्वतःची केस लढवताना आपण सगळेच नंबर एकचे वकील असतो.

त्यानंतर दिवस बघायचा. इथं माझी एक सूचना आहे, पापांची यादी घेऊन बसू नका, माणसं आठवा. सकाळपासून कोण कोण भेटलं, दूधवाला, बायको, ऑफिसातला प्यून, ज्याचा फोन मुद्दाम उचलला नाही तो, आणि प्रत्येकाच्या तोंडाकडं मनातल्या मनात नीट बघा, आपण बोलल्यावर तो चेहरा उघडला की मिटला? यादीत मी कायम पास व्हायचो, खून नाही चोरी नाही, पण चेहरे आठवायला लागलो तेव्हा काकूंचा चेहरा आला की मी पटकन पुढं सरकायचो. जिथं सरकावंसं वाटतं तिथंच थांबायचं. मग क्षमा मागायची आणि उद्यासाठी एकच छोटी गोष्ट ठरवायची, पाच नाही. मोठं पाप असेल तर मात्र फादरांकडं कन्फेशनलाच, म्हणजे पापाची कबुली द्यायलाच, जायचं, हे त्याच्या बदल्यात नाही.

एकाच खोडीवर काम करायचं असेल तर इग्नेशियसांची एक युक्ती भारी आहे. ती चूक झाली की त्याच क्षणी छातीवर हात ठेवायचा, चारचौघातही कुणाला कळत नाही. रात्री कागदावर तेवढे ठिपके द्यायचे आणि कालच्या ओळीशी ताडून बघायचे. माझ्या पहिल्या पाण्याच्या दिवशी ठिपके होते अकरा, त्यातले नऊ सकाळी सहाच्या आत. ज्यांना उगाच स्वतःला बोल लावत बसायची सवय आहे त्यांनी मात्र हे ठिपके मोजू नका, आभारावरच जास्त वेळ द्या.

आणि समोरचा माणूस आवडतच नसेल तर? आवडायलाच पाहिजे असं कुठं नाही. संत तेरेजा, फ्रान्समधल्या लिज्यूच्या, १८९७ मध्ये चोविसाव्या वर्षी गेल्या त्या, त्यांच्या मठात कपडे धुताना समोरची सिस्टर घाण पाणी त्यांच्या तोंडावर उडवायची. त्यांना आधी वाटलं मागं सरकून तोंड पुसावं म्हणजे तिला कळेल, पण नाही सरकल्या. पाण्यावरूनचीच गोष्ट आहे म्हणून माझ्या जास्त लक्षात राहिली.

बायबलात मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. नीट वाचा, भावाच्या मनात, आपल्या नाही. मी हे तीन महिने उलटंच वाचत होतो. शेवटी एका शनिवारी संध्याकाळी काकूंकडं गेलो, म्हणालो, "काकू, मागं लई बोललो, चुकलं माझं. पाणी आधी कुणी भरायचं ते आपण वार लावून ठरवू या का?"

काकू तांदूळ निवडत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "वार लावू की. पण आधी तुझा तो पाइप माझ्या दारातनं काढ की रे, रोज अडखळायलोय आम्ही."

तीन महिन्यांच्या ठिपक्यांत तो पाइप एकदाही आला नव्हता.