वाक्यातले ठाऊक आणि नवे : भर कोठे द्यावा

मराठी वाक्यात क्रियापद साधारणपणे शेवटी येते. बाकीच्या शब्दांना मात्र जागा बदलण्याची बरीच मोकळीक असते. वाचकाला आधीच ठाऊक असलेले आरंभी ठेवावे आणि जे नव्याने सांगायचे ते क्रियापदाच्या लगेच आधी आणावे, एवढे एक पथ्य पाळले तरी सूचना, इतिवृत्त किंवा बातमी लिहिताना होणारे पुष्कळसे घोटाळे टळतात. बोलताना हव्या त्या शब्दावर आवाजाचा जोर देता येतो. कागदावर ते काम मुख्यतः जागेलाच करावे लागते.

म्हणून आपले वाक्य कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे आधी ठरवावे. सांगलीच्या मार्केट यार्डातील फलकावर ‘हळदीचे सौदे सोमवारी होतील’ असे लिहिले, तर ते ‘सौदे कधी?’ या प्रश्नाचे उत्तर होते. सौदे होणार हे वाचणाऱ्याने गृहीत धरलेले असते. ‘सोमवारी हळदीचे सौदे होतील’ हे वाक्य, त्या दिवशी हळद निघणार की बेदाणा, असे विचारणाऱ्यासाठी आहे. ‘कधी’, ‘कोणी’, ‘कशाचे’ हे प्रश्नार्थक शब्दही बहुधा क्रियापदाजवळच बसतात, तेव्हा उत्तर त्याच जागी ठेवावे.

एखादी वस्तू प्रथमच सांगायची असेल, तर ती आरंभी ठेवू नये. ‘सांगलीत कृष्णेवर एक जुना पूल आहे. तो १९२९ साली खुला झाला. त्याला आयर्विन पूल म्हणतात.’ येथे ‘एक’ने पूल नव्याने आणला आणि पुढे ‘तो’, ‘त्याला’ या सर्वनामांनी त्याला ठाऊक मानले. प्राण्यांच्या आणि माणसांच्या बाबतीत ‘-ला’ प्रत्ययही हे काम करतो : ‘पाटील म्हैस शोधत आहेत’ म्हणजे बहुधा विकत घ्यायला, आणि ‘पाटील म्हशीला शोधत आहेत’ म्हणजे दावे तोडून गेलेली त्यांची स्वतःची म्हैस.

जादा भर द्यायचा असेल तेव्हा ‘च’ वापरतात, आणि माझ्या मते गरजेपेक्षा फार जास्त वापरतात. ‘मीच हळद विकली’ म्हणजे दुसऱ्या कोणी नाही. ‘मी हळदच विकली’ म्हणजे दुसरे काही नाही. ‘मी हळद विकलीच’ म्हणजे विकल्यावाचून राहिलो नाही. ‘च’ ज्या शब्दाला चिकटतो, त्याच्याखेरीज बाकी सगळे पर्याय तो वगळतो. क्रियापद पुढे काढून ‘ते’, ‘तो’ जोडण्याची रचनाही बहुतेक वेळा हेच करते. ‘सांगलीत महापूर आला तो २०१९ साली’ असे लिहिले, की सांगलीकर लगेच विचारील, मग २००५ चा आणि २०२१ चा पूर कोठे गेला? वाक्यातील साल खरे असूनही भर खोटा ठरतो. तेथे ‘२०१९ सालीही सांगलीत महापूर आला’ हेच लिहावे, कारण ‘ही’ इतर पूर ठाऊक असल्याचे मानून त्यांत भर घालतो. ‘तर’ ठाऊक विषय पुढे करतो आणि ‘मात्र’ त्याच्या उलट बाजू दाखवतो : ‘हळद तर विकली, बेदाणा मात्र ठेवला आहे.’

नकार लिहिताना विशेष जपावे, कारण ‘नाही’चा रोख बहुधा त्याच्या आधीच्या नव्या शब्दाकडे वळतो. ‘हळदीचे सौदे सोमवारी होणार नाहीत’ हे वाचून अडत्या विचारणारच, की मग कोणत्या वारी होणार? सौदाच रद्द झाला असेल, तर ‘सोमवारचे हळदीचे सौदे रद्द झाले आहेत’ असे लिहावे. वार आता ठाऊक भागात गेला आणि रद्द होणे ही बातमी क्रियापदाशी आली.